बोटीतली फळी उचलता आली पाहिजे

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत घराच्या फरश्यांविषयी आलेला लेख वाचला. माहिती चांगली आहे. सिमेंटच्या कोब्यापासून आजच्या व्हिनाइल पट्ट्यांपर्यंतचा प्रवास लेखकाने सोप्या शब्दांत सांगितला आहे. पण शेवटी एक वाक्य असं आहे की, ही नवी वॉटरप्रूफ फरशी स्वयंपाकघरात, न्हाणीघरात, ‘अगदी बोटीतसुद्धा’ निर्धास्त चिकटवता येते. हे पत्र त्या एका वाक्यासाठी लिहीत आहे. आमच्या किनाऱ्यावर पर्यटकांच्या बोटी बाळगणारी पुष्कळ मंडळी आपलं दैनिक वाचतात. त्यांच्यापैकी कोणी ते वाक्य खरं धरून चालला, तर त्याची बोट जाईल. माझी जवळजवळ गेली होती.

मी आयटीआयमध्ये सुतारकामाचा निदेशक होतो. निवृत्तीनंतर २०१८च्या ऑक्टोबरात घरासमोरच्या खळ्यात मांडव घालून तीस फुटी कॅटामरान, म्हणजे दोन होड्यांची मिळून एक बोट, बांधायला घेतली. आराखडा इंग्लंडच्या जेम्स व्हॅरम यांचा. या माणसाने १९५५ मध्ये स्वतः बांधलेली साडेतेवीस फुटी कॅटामरान फाल्मथहून बाहेर काढली आणि पुढे तिच्यातून अटलांटिक ओलांडला. सामान्य माणसाला घरी बांधता येतील असे आराखडे काढण्यात त्यांनी उरलेलं आयुष्य घातलं. २०२१च्या डिसेंबरात ते गेले, तेव्हा माझ्या दोन्ही होड्या नुकत्या उलट्याच्या सुलट्या झाल्या होत्या.

ज्यांनी अशी बोट पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो. दोन लांबट, अरुंद होड्या शेजारी शेजारी, त्यांच्यावर आडव्या तुळया टाकलेल्या, आणि त्या तुळया दोराने बांधलेल्या. बोल्ट नाहीत. कॅटामरान हा शब्द तमिळ ‘कट्टुमरम’वरून आला, म्हणजे बांधलेली लाकडं, आणि माझी बोट खरोखर बांधलेलीच आहे. आपल्याकडची उलांडीची, म्हणजे बाजूला तरंगता ओंडका बांधलेली, होडी ही तिची जवळची नातेवाईक, असं मी मुलांना सांगतो.

या होड्यांचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो. म्हणजे आत उतरल्यावर पाय ठेवायला सपाट जागा नसते, ती आपण करायची. व्ही अक्षरात थोड्या उंचीवर आडवी फळी टाकली की झाली जमीन. त्या फळीखाली उरते ती तिकोनी पोकळी, तिला बिल्ज म्हणतात. बोटीत शिरलेलं पाणी कुठूनही शिरलं तरी शेवटी तिथेच जातं. बोट धडधाकट आहे की नाही हे त्या पोकळीत डोकावल्याशिवाय कळत नाही. मला हे ठाऊक होतं, तरीही मी ती पोकळी बंद केली.

२०२२च्या डिसेंबरात आतलं काम संपत आलं होतं. १२ मिलिमीटरच्या प्लायच्या फळ्या मी आडव्या पट्ट्यांवर स्क्रूने पक्क्या केल्या, आणि त्यावर सागाच्या रंगाच्या, दोन मिलिमीटर जाडीच्या व्हिनाइल पट्ट्या चिकटवल्या. काम देखणं झालं. सांधा दिसत नव्हता. कडेला सिलिकॉन भरलं होतं, म्हणून पाण्याचा थेंबही खाली जाणार नाही याची मला खात्री होती. फेब्रुवारीत बोट पाण्यात उतरली, चार महिने आम्ही निवतीपर्यंत जाऊन आलो, आणि मे अखेर दोन्ही होड्या सोडवून किनाऱ्यावर सुरूच्या बनात ओढल्या. वर झाप घालून गाववाल्यांच्या होड्यांसारख्या शाकारल्या.

पावसात दर रविवारी मी झाप बाजूला करून आत उतरत होतो. टॉर्च मारून बघायचो. जमीन कोरडी, चकचकीत. हात फिरवून बघायचो, ओल नाही. समाधानाने घरी यायचो. असे दहा-बारा रविवार गेले.

नारळी पौर्णिमेच्या आठवड्यात मुलगी पुण्याहून आली होती. ती उजव्या होडीत उतरली आणि म्हणाली, “बाबा, इथे आंबोळीचं पीठ नासल्यासारखा वास येतोय.” मला सवयीने तो जाणवला नव्हता. मी गुडघ्यावर बसून नाक फळीला लावलं. खरंच होता. दुपारी पटाशी आणि हातोडा घेऊन बसलो. व्हिनाइलची पहिली पट्टी उपटली, ती जशीच्या तशी नवी होती. तिच्याखालचा प्लाय वरून कोरडा. स्क्रू काढून फळी उचलली तर तिची खालची बाजू काळी, त्यावर पांढऱ्या बुरशीची नक्षी, आणि खाली पोकळीत चार बोटं पाणी. वांकांच्या, म्हणजे बोटीच्या आडव्या बरगड्यांच्या, बुडाशी मी सुरीचं टोक लावलं. भिजवलेल्या कणकेत शिरावं तसं ते आत गेलं. एका वांकाला नाही, तिघांना. आणि पठाणाजवळ, म्हणजे बोटीच्या कण्याजवळ, तळाच्या सालीलाही, म्हणजे बाहेरच्या प्लायलाही, वीतभर.

पाणी आलं कुठून, ते दोन दिवसांनी सापडलं. वर दोर अडकवायच्या खुंटीचा एक स्क्रू मी एपॉक्सीत, म्हणजे पाणी रोखणाऱ्या राळेत, न बुडवता तसाच फिरवला होता. त्या एका भोकातून पावसाचं पाणी थेंब थेंब शिरत होतं, सालीच्या आतल्या अंगाने बाकाच्या मागून ओघळत होतं, आणि फरशीला स्पर्शही न करता तिच्याखाली जाऊन बसत होतं. वरून येणारं पाणी अडवायला मी कडेला सिलिकॉन भरलं होतं. त्याच सिलिकॉनने खालची वाफ आत कोंडून धरली.

इथे एक गोष्ट मला ठासून सांगायची आहे, कारण पुष्कळांचा समज उलटा असतो. लाकूड खाऱ्या पाण्याने इतकं कुजत नाही, गोड्या पाण्याने कुजतं. कुजवणाऱ्या बुरशीला खारट फारसं मानवत नाही. तिला पावसाचं पाणी हवं, ऊब हवी आणि वारा नको. कोकणातला जुलै आणि चिकटवलेली फरशी मिळून तिला हे तिन्ही पुरवतात. फरशी वॉटरप्रूफ असते हे खरंच आहे. माझ्या पट्ट्यांना काहीही झालं नव्हतं, त्यातल्या चार आजही न्हाणीघराच्या बाहेर पायपुसण्याखाली आहेत. कुजली ती बोट.

आमच्या वाडीत होड्या बांधणारे एक आबा आहेत, ऐंशीच्या पुढचे. त्यांना बोलावून आणलं. त्यांनी वाकून आत बघितलं, फळी हातात घेऊन उलटी केली आणि म्हणाले, “मास्तरानू, होडयेची फळी कधी खिळवून टाकूची नाय. उचलूक येऊक व्हयी. खालचा पाणी डोळ्यांक दिसूक व्हया.” मग त्यांनी मला त्यांच्या स्वतःच्या होडीकडे नेलं. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीपासून ती झापाखालीच होती, आणि तिच्या तळातल्या सगळ्या फळ्या काढून बाजूला उभ्या केलेल्या होत्या. बुड उघडं, वारा खेळता. त्या गावात मी जन्मलो, वाढलो. शाकारलेल्या होड्या दर पावसाळ्यात बघितल्या. फळ्या का काढून ठेवतात, हे मी त्यांना कधी विचारलं नव्हतं.

कुजलेला भाग कापून नवा जोड द्यायला मला चार महिने लागले. प्लायच्या जाडीच्या आठपट लांब तिरका छेद घेऊन जोडावं लागतं, आणि तेही जिथे पाठीवर झोपून काम करावं लागतं अशा जागी. त्यानंतर जमीन नव्याने करायची होती, आणि या वेळी मी घाई केली नाही.

पहिला विचार वजनाचा. घरात फरशीचं वजन कोणी विचारत नाही. कॅटामरानमध्ये तो पहिला प्रश्न, कारण होड्या अरुंद, त्यामुळे थोडंसं वजनही त्यांना खाली दाबतं. माझ्या बोटीचा हिशेब मी केला आहे, साधारण ८५ किलो वाढले की ती एक सेंटीमीटर बसते. दोन्ही होड्यांत मिळून चालायची जागा जेमतेम ५४ चौरस फूट, म्हणजे पाच चौरस मीटर. तेवढ्या जागेत १२ मिलिमीटरचा जड प्लाय आणि वर व्हिनाइल मिळून माझे साठ किलोच्या वर गेले होते. दगडी पावडरीची, एकमेकांत अडकणारी चार मिलिमीटरची पट्टी घेतली असती तर तिचेच चाळीस किलो झाले असते. अख्खा साग १२ मिलिमीटरचा घेतला तरी तितकेच. हल्ली रबरासारख्या मऊ फोमच्या चादरी मिळतात, वजनाला नगण्य, पायाला सुखद. पण त्याही पाठीला गोंद लावून चिकटवायच्या, म्हणून मी त्यांच्याकडे पुन्हा वळलो नाही. बुचाच्या सालीच्या फरशीचं मला आकर्षण होतं. ती हलकी, ऊबदार, आवाज गिळणारी. पण आपल्या दमट हवेत तिची कड उघडी पडली की फुगते. शेवटी ९ मिलिमीटरचा साधा मरीन प्लायच घेतला, वर काहीही न चिकटवता. दोन्ही बाजूंचे मिळून चौतीस किलो झाले. खालच्या आडव्या पट्ट्या मात्र फूट-फूट अंतरावर आणल्या, नाहीतर नऊचा प्लाय पायाखाली लवतो.

मरीन प्लायबद्दल थोडं लिहितो, कारण हे घर बांधणाऱ्यांच्याही कामाचं आहे. आपल्याकडे मरीन प्लायचं मानक आयएस ७१०, आणि त्याचा गोंद ७२ तास उकळत्या पाण्यात टिकला पाहिजे. साध्या बीडब्ल्यूआर (बॉइलिंग वॉटर रेझिस्टंट) प्लायला, म्हणजे आयएस ३०३ वाल्याला, आठ तासांची परीक्षा पुरते. दुकानात मात्र दोन्हींवर शिक्का असतो, आणि दुकानदार दोन्हींना मरीनच म्हणतो. मी दोन दुकानांतून वीतभर तुकडे आणले आणि न्हाणीच्या चुलीवर तपेल्यात उकळत ठेवले. घरात सगळ्यांनी पाळ्या लावल्या, पाणी आटलं की भर घालायची, रात्रीही. पहिल्या तुकड्यावर आयएस ७१० असं ठळक छापलेलं होतं, आणि तो पहिल्याच संध्याकाळी पुस्तकासारखा उघडला. पानं वेगळी, मधल्या थरांत पोकळ्या. दुसरा चौथ्या दिवशी सकाळी बाहेर काढला, वाळवला, पटाशी घालून थर सुटतात का पाहिलं, तर लाकूड फाटलं पण गोंद सुटला नाही. त्याच दुकानातून त्याच गठ्ठ्यातल्या फळ्या मी स्वतः उभा राहून निवडल्या. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली मरीन प्लाय म्हणून पैसे मोजणाऱ्या प्रत्येकाने हा तुकडा उकळून बघावा. लाकूडफाटा तेवढा लागतो, दुसरा खर्च नाही.

आता फळ्या बसवण्याविषयी. बोटीत सरळ रेषा नसते. होडीची भिंत पुढे नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, आत वळत जाते, आणि दोन्ही होड्या आराखड्यात सारख्या असल्या तरी हाताने बांधलेल्या सारख्या कधीच नसतात. म्हणून टेपने माप घेऊन फळी कापू नये, फर्मा करावा. मी फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याची पट्टी होडीत आडवी ठेवली, आणि कंपासचं एक टोक भिंतीला टेकवून चालवत नेलं की पेन्सिल भिंतीचा बाक पुठ्ठ्यावर उतरवते. तो फर्मा प्लायवर ठेवून कापला. दोन्ही बाजूंना तीन मिलिमीटरची फट सोडली. फळी घट्ट बसली तर पावसाळ्यात फुगून अडकते, आणि अडकलेली फळी उचलायला माणूस कंटाळतो. कंटाळला की बघणं बंद.

उंचीचाही एक पेच असतो. तळ व्ही असल्यामुळे फळी पाच सेंटीमीटर वर उचलली तर माझ्या होडीत साधारण साडेचार सेंटीमीटर जास्त रुंदी मिळत होती. पण तेवढंच डोकं वर आपटणार, आणि आत आधीच मान वाकवून उभं राहावं लागतं. मी रुंदी सोडली. जिथे उभं राहून स्वयंपाक करायचा तिथे खाली, आणि जिथे फक्त बसायचं किंवा ओणवं जायचं तिथे वर, अशी दोन पातळ्यांची जमीन केली. ज्यांना बोट बांधायची असेल त्यांनी पुठ्ठ्याची फळी टाकून आठवडाभर आत वावरून बघावं, कागदावर हे कळत नाही.

कापलेल्या प्रत्येक फळीला चहूबाजूंनी एपॉक्सीचे तीन हात दिले. खालच्या बाजूला आधी, कारण ती कोणाला दिसत नाही म्हणून तिच्यावरच कामचुकारपणा होतो. कडांना तर चौथाही दिला, प्लाय पाणी पितो तो कडेतून. दमट हवेत एपॉक्सीवर मेणचट साय धरते, ती साबणाच्या पाण्याने धुतल्याशिवाय पुढचा हात धरत नाही. माझा पहिल्या वेळचा एक थर यामुळेच पापुद्र्यासारखा निघाला होता. स्क्रू जिथे लागले तिथे ३१६ नंबरचं स्टेनलेस वापरलं. ३०४ वर खाऱ्या वाऱ्याने चहासारखे डाग पडतात, आणि पितळेतलं जस्त समुद्र खाऊन टाकतो. वरून शाबूत दिसणारा पितळी स्क्रू पिळला की हातात तुटतो.

प्रत्येक फळीला बोट घालून उचलायला रुपयाएवढी दोन भोकं आहेत. बोट कलंडली तर फळ्या अंगावर येऊ नयेत म्हणून प्रत्येकीला एक फिरती लाकडी खिट्टी आहे, पाव फेरा दिला की फळी मोकळी. फळ्या एकूण अकरा. डावीकडच्या सहा, उजवीकडच्या पाच. खालच्या बाजूला आकडे कोरले आहेत, म्हणजे अंधारातही बोटाने चाचपून कळतं की ही कुठली. शिडीच्या पायथ्याशी, जिथे ओले पाय पहिले पडतात, तिथे प्लाय नाहीच. तिथे सागाची जाळी आहे, आमच्या जुन्या घराची माडी उतरवली तेव्हाच्या तुळईतून चिरलेल्या पट्ट्यांची. पाय निथळतात, पाणी खाली पडतं, आणि पडलेलं दिसतं.

निसरडेपणाचं काय, असं लोक विचारतात. वॉर्निशची गुळगुळीत जमीन ओल्या पायाला वैरी, हे खरं. मी किनाऱ्यावरची बारीक वाळू पीठचाळणीतून चाळली, खारटपणा जाईपर्यंत गोड्या पाण्यात सात वेळा धुतली, उन्हात वाळवली, आणि शेवटच्या ओल्या रंगावर चिमटीने भुरभुरली. सुकल्यावर सुटी वाळू झाडली आणि वरून रंगाचा पातळ हात दिला. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. ती त्यावरून अनवाणी, हातात कळशी घेऊन चालते.

दोन होड्यांच्या मधल्या फळ्यांबद्दलही लोक आग्रह करतात की तिथे अखंड प्लाय टाका, खुर्च्या मांडता येतील, फटीतून मोबाइल पडणार नाही. तिथे करंगळी जाईल एवढ्या फटी मुद्दाम आहेत. खालून लाट उसळली की ती फटींतून वर येऊन निघून जाते. अखंड फळीवर तीच लाट घणासारखी बसते, आणि तो घण दोरबांधणीला सोसावा लागतो.

नव्या जमिनीवरून दोन पावसाळे गेले. मे महिन्यात मी अकराही फळ्या काढून पडवीत भिंतीला उभ्या करतो. बोटीचं बुड उघडं असतं, दर रविवारी झाप सारून मी आत उतरतो आणि पोकळीत हात घालून बघतो. गेल्या जुलैत डाव्या होडीत बोटभर पाणी दिसलं. त्याच दिवशी वरची फट सापडली, बुजवली, पाणी स्पंजने टिपून काढलं. अर्ध्या तासाचं काम होतं.

तारकर्ली, देवबाग, मालवणच्या पर्यटक बोटींवर हल्ली हिरव्या कृत्रिम गवताच्या आणि व्हिनाइलच्या चादरी चिकटवलेल्या मी बघतो. मालकांचा हेतू चांगला आहे, पाहुण्यांना बोट स्वच्छ आणि सुंदर दिसावी. पण त्या चादरीखाली लाकडी वांक आहेत, आणि त्या बोटीत मुलं बसतात. निदान इंजिनाजवळची आणि मधली एक-एक फळी सुटी ठेवा, पंधरा दिवसांनी उचला, हात घाला. चादर हवीच असेल तर ती फळीपुरतीच कापून लावा, म्हणजे फळीबरोबर उचलली जाईल.

आपल्याला विनंती एवढीच की, ‘अगदी बोटीतसुद्धा’ हे शब्द पुढच्या अंकात दुरुस्त करावेत. लेखकांना बोटीची जमीन आतून पाहायची असेल तर त्यांनी मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात वेंगुर्ल्याला यावं. तेव्हा फळ्या काढायचं काम चालू असतं, आणि अकरा फळ्या एकट्याने सुरूच्या बनातून घरापर्यंत आणायला मला दोन फेऱ्या जास्त पडतात.

आपला,
एक निवृत्त सुतारकाम निदेशक
ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग